अरेसिबो दुर्बीण: केबल तुटली की सरकारने हात आखडता घेतला?

दुर्बिणवाला

१ डिसेंबर २०२० ला अमेरिकेच्या पोर्तो रिको बेटावरची अरेसिबोची रेडिओ दुर्बीण कोसळली. ड्रोनने घेतलेला तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ९०० टनांचा सांगाडा खालच्या ३०५ मीटरच्या ताटलीत जाऊन आदळतो तो. तेव्हा बातम्यांत 'केबल तुटली' एवढंच आलं आणि कोविडच्या गडबडीत विषय संपला. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न डाचतोय. ती केबल तुटली म्हणून गेली, की तिच्यावर खर्च करायची इच्छा आधीच संपली होती म्हणून गेली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६३ ला सुरू झाली. पैसा मूळचा अमेरिकन संरक्षण खात्याचा, त्यांना आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा अभ्यास हवा होता, क्षेपणास्त्रांचं प्रकरण होतं ते. चुनखडीच्या डोंगराळ भागात एक नैसर्गिक खळगा शोधला, त्यात ताटली बसवली, आणि तीन मनोऱ्यांवरून केबलने वरचा सांगाडा टांगला. १९६९ पासून ती एनएसएफकडे, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे. १९६५ मध्ये तिच्या रडारने बुध स्वतःभोवती ५९ दिवसांत फिरतो हे दाखवलं, तोवर सगळी पुस्तकं ८८ दिवस सांगत होती. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली, १९९३ चं नोबेल त्याच कामाला. सूर्यमालेबाहेरचे पहिले ग्रह (१९९२) हिचेच.

आणि २००६ मध्ये एनएसएफच्याच समितीने सांगितलं की हिचा वर्षाचा सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरचा निधी २०११ पर्यंत ४० लाखांवर आणा, बाकीचे पैसे दुसरीकडून मिळाले नाहीत तर बंद करा. दुसरीकडून म्हणजे कुठून ते देवाला ठाऊक. त्यानंतर चालवणाऱ्या संस्था बदलल्या, २०१७ ला मारिया चक्रीवादळ आलं, १० ऑगस्ट २०२० ला एक केबल निसटली, ६ नोव्हेंबरला दुसरी तुटली, १९ नोव्हेंबरला 'आता दुरुस्ती करणं धोक्याचं, पाडून टाकू' असं जाहीर झालं, आणि पाडायच्या आधी ती स्वतःच पडली. २०२२ मध्ये पुन्हा बांधणार नाही हेही सांगून टाकलं.

माझं मत, पैशाअभावी गेली. तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या आणि उटीच्या रेडिओ दुर्बिणींना यातलं काही लागू होतं का, तेही लिहा.

चकली

मी पयली. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

गर्डर

माझा धंदा स्ट्रक्चरचा आहे म्हणून लिहितो, खगोलातलं मला ओ की ठो कळत नाही.

ऑगस्टमध्ये केबल तुटली नव्हती, सॉकेटमधून बाहेर आली होती. हा फरक मोठा आहे. अशा जाड केबलचं टोक अडकवताना त्यातल्या तारा झाडूसारख्या पिंजतात, पोलादी शंकूत घालतात आणि वरून वितळलेलं जस्त ओततात. जस्त थंड झालं की पकड बसते. ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे, जगभरच्या पुलांवर वापरलेली. पण जस्त सततच्या ताणाखाली अगदी हळूहळू सरकतं, त्याला आम्ही क्रीप म्हणतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा अहवाल आला त्यात मूळ कारण हेच दिलंय. गंमत म्हणजे जस्त एवढं सरकल्याचं इतरत्र कुठे नोंदलेलं नव्हतं, म्हणून समितीने एक शक्यता मांडली की वरच्या ताकदवान रडारमुळे केबलमधून वीज वाहून ते सरकणं वाढलं असेल. सिद्ध झालेलं नाही, तर्क आहे.

आता पैशाचं. मारियानंतरच्या पाहणीत केबल सॉकेटमधून नेहमीपेक्षा जास्त बाहेर आल्याचं दिसत होतं. डोळ्यांना दिसत होतं! पण ते कुणाला धोक्याचं वाटलं नाही. दुरुस्तीचा निधी यायला वेळ लागला हे खरं, पण आल्यावरही त्याचा भर केबलवर नव्हता. म्हणून सगळं पैशावर ढकलू नका. वेळेवर पैसा मिळाला असता तर तो कदाचित दुसऱ्याच कुठल्या कामाला गेला असता.

दुर्बिणवाला

@गर्डर, हे फार छान समजावलंत. पण एक विचारतो, जुन्याजाणत्या माणसांना घरी पाठवून नव्या संस्थेकडे कारभार दिला की 'हे नेहमीपेक्षा जास्त बाहेर आलंय' हे ओळखणारं कोण उरतं? तोही पैशाचाच परिणाम ना?

गर्डर

असू शकतो. पण तसं मग कशालाही म्हणता येईल.

बारामतीचा_बाब्या

एक उलटा प्रश्न, रागावू नका. बुध ५९ दिवसांत फिरतो की ८८, यानं आमच्या तालुक्यात कुणाचं काय अडलं होतं? झेडपीच्या शाळेत पत्रे गळतात, पीएचसीत डॉक्टर नाही, आणि इथं लोक दुसऱ्या देशाच्या ताटलीसाठी रडतायत. अमेरिकेला परवडत नाही म्हणून त्यांनी बंद केली, त्यांचा हिशोब त्यांना कळतो. आपण काय घेऊन बसलोय?

चकली

बाब्याभाऊंनी फटाका लावला 😀

निशाचर

मी अमेरिकेतच असते आणि याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं चिमटणार आहे. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

बाब्या, 'परवडत नाही' हे तितकंसं खरं नाही. १ कोटी ५ लाख डॉलर म्हणजे आजच्या दराने साधारण नव्वद कोटी रुपये. एखादा बऱ्यापैकी उड्डाणपूल. एवढ्यात तीन वेगवेगळी कामं चालायची. एक, वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास. दोन, रेडिओ खगोलशास्त्र. तीन, रडार. यातलं रडार म्हणजे पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवर लहरी सोडायच्या, परत आलेल्या पकडायच्या, त्यावरून त्याचा आकार, फिरणं आणि कक्षा अचूक काढायची. तो लघुग्रह पुढच्या शंभर वर्षांत आपल्याला धडकणार की नाही हे सांगायला ही माहिती लागते. अरेसिबो गेल्यावर हे काम कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनावर येऊन पडलं, ती अरेसिबोपेक्षा कितीतरी कमी संवेदनशील आहे आणि तिचा मुख्य धंदा अंतराळयानांशी बोलण्याचा आहे. चीनची फास्ट ५०० मीटरची आहे, ऐकायला अप्रतिम, पण तिच्यावर प्रक्षेपक नाही. म्हणजे अरेसिबो गेली त्यातला हा भाग कुणीच भरून काढलेला नाही.

आता दुर्बिणवाला यांना चिमटा. २००६ च्या त्या समितीत खगोलशास्त्राचे शत्रू नव्हते बसलेले, आमचेच लोक होते. एकूण पैसा फारसा वाढत नव्हता आणि नव्या दुर्बिणी रांगेत उभ्या होत्या, चिलीतली आल्मा वगैरे. नवीन हवं तर जुनं कुठेतरी थांबवावं लागणार. मी त्या खुर्चीत असते तर मीही बहुधा एखाद्या जुन्या दुर्बिणीवर बोट ठेवलं असतं. माझी तक्रार बंद करायला सांगितलं याची नाहीच आहे. त्यांनी बंद केली नाही आणि नीट चालवलीही नाही, ही आहे. दरवर्षी थोडे थोडे पैसे कमी करत न्यायचे. २०१८ च्या करारात तर एनएसएफचा वाटा काही वर्षांत २० लाख डॉलरवर आणायचा ठरलं होतं. एवढ्यात पगार भागतील, रंगरंगोटी होईल, पण अर्धशतक ९०० टन पेललेल्या केबल बदलण्याची हिंमत कोण करेल? व्यवस्थित बंद करायचं म्हटलं तर पाडण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा खर्चही प्रचंड, म्हणून तेही नको.

मृद्गंधा

+१००० निशाचर ताई. 'बंद नाही आणि चालूही नाही' हे तर आपल्याकडच्या अर्ध्या प्रयोगशाळांच्या दारावर लिहिता येईल. मी संशोधक विद्यार्थी आहे, संस्थेचं नाव घेत नाही. आमच्याकडे एक परदेशी यंत्र आहे, घ्यायला मोठा निधी मिळाला, उद्घाटनाला फित कापली, फोटो लागले. त्याचा एक पंप बिघडला तर एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपलेला, आणि देखभाल या सदरात पैसेच नाहीत. नवीन यंत्राचा प्रस्ताव टाका म्हणाले, तो मंजूर होऊ शकतो! फेलोशिप उशिरा येते हे तर आता कुणाला सांगायचीही लाज वाटते, मेसवाले काका उधारी ठेवतात म्हणून पीएचडी चाललीय.

सह्याद्रीचा_वारा

मृद्गंधा, मेसवाल्या काकांना प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव द्या.

मृद्गंधा

ठरलेलंच आहे 😂 गाइडच्या आधी.

मुक्ता_देशी

कुणी ग्रीन बँकचं कसं काढलं नाही अजून? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाला ग्रीन बँक नावाचं गाव आहे, तिथे ३०० फुटी रेडिओ दुर्बीण होती. १९६२ ला घाईघाईत आणि स्वस्तात बांधलेली, काही वर्षं चालली तरी पुरे अशा हिशोबाने. ती चालली २६ वर्षं, आणि १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री, वादळ नाही वारा नाही, धाडकन खाली बसली. सांध्यावरची एक पोलादी पट्टी थकून तुटली होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आता पुढची गंमत बघा. त्या राज्याचे सिनेटर रॉबर्ट बर्ड, निधी खेचून आणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी नवीन दुर्बिणीसाठी पैसे मंजूर करून घेतले. २००० मध्ये तिथेच १०० मीटरची, पूर्ण वळवता येणारी दुर्बीण उभी राहिली आणि तिला नाव कुणाचं? रॉबर्ट सी. बर्ड यांचंच.

पोर्तो रिकोला सिनेटरच नाही. अमेरिकेचा भूभाग, माणसं अमेरिकन नागरिक, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही आणि खालच्या सभागृहात एकच प्रतिनिधी, त्यालाही अंतिम मतदानाचा हक्क नाही. तेव्हा माझं उत्तर असं, की पैसा होता, मागणारा माणूस नव्हता. दोन्हीकडे पोलादच तुटलं, एकीकडे बारा वर्षांत नवी आली आणि दुसरीकडे 'शिक्षण केंद्र करू' एवढं आश्वासन.

बारामतीचा_बाब्या

@मुक्ता, हे मात्र पटलं. निधी कुणी ओढून आणायचा हे आम्हा बारामतीकरांना शिकवायला नको 😄

चकली

😂😂 प्रतिसाद ऑफ द डे.

गर्डर

मुक्ता, थोडी भर. ती पट्टी, म्हणजे गसेट प्लेट, बाहेरून तपासायला अवघड जागी होती, त्यामुळे तिथे पैसा ओतूनही ती सापडली असती का शंका आहे. अरेसिबोत उलट, दिसत होतं तरी कुणी मनावर घेतलं नाही. एकाच प्रकारचे अपघात म्हणून मी दोन्ही एका पिशवीत घालणार नाही.

सह्याद्रीचा_वारा

ओहायोची 'बिग इअर' विसरू नका. १९७७ चा तो गाजलेला 'वॉव' सिग्नल जिने पकडला ती. जमीन विकली गेली, घेणाऱ्याला गोल्फ कोर्स वाढवायचा होता, १९९८ मध्ये दुर्बीण पाडली. परग्रहवासीयांनी परत फोन केला असेल तर कुणीतरी नऊ नंबरच्या होलवरून उचलला असेल.

खोडदकर

राम राम मंडळी. नावावरून कळलं असेलच कुठला ते. टोमॅटो आणि द्राक्षं करतो, खगोलातलं ऐकून ऐकून जेवढं आलं तेवढंच.

आमच्याकडच्या ४५ मीटरच्या ३० ताटल्या. १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात, आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, सगळा पसारा पंचवीसेक किलोमीटरचा. लोकांना वाटतं ताटली म्हणजे पत्र्याची भरीव. तसं नाही, बारीक तारेची जाळी आहे, आणि तिला आकार दिलाय ताणलेल्या दोऱ्यांनी, म्हणजे पोलादी दोऱ्यांनी. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांची ती कल्पना. ते गेले सप्टेंबर २०२० ला, अरेसिबो पडायच्या तीन महिने आधी.

बाब्याभाऊ, तुमच्या प्रश्नाला गावाकडून उत्तर. आमच्या गावाला काय मिळालं? थोड्या नोकऱ्या, २८ फेब्रुवारीला मोठी जत्रा भरते विज्ञान दिनाची, शाळांच्या बसच्या बस येतात, आसपासच्या शाळांची पोरं प्रयोग मांडतात. काय नाही मिळालं? दुर्बिणीला शांतता लागते म्हणून मोठे कारखाने इकडे येऊ शकत नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेचं तर सगळ्यांनी वाचलंच असेल, गाडीच्या विजेचा गोंगाट दुर्बिणीला चालणार नाही म्हणून आक्षेप आला आणि सरकारने मार्ग बदलायचं सांगितलं. त्यावरून जुन्नर, आंबेगाव, संगमनेर सगळीकडे लोक चिडलेले आहेत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. माल रेल्वेने मुंबई-नाशिकला गेला असता तर कुणाला नको होतं?

तेव्हा विज्ञानाचा खर्च फक्त बजेटमध्ये बसत नाही भाऊ, काही खर्च आमच्या खिशातून पण जातो, त्याची पावती कुणी फाडत नाही. तरी पण मला विचाराल तर दुर्बीण पाहिजे. रेल्वे पण पाहिजे.

निशाचर

खोडदकर दादा, कडक प्रतिसाद. मी तुमच्या दुर्बिणीचा डेटा वापरलाय, तुमच्या टोमॅटोचे आभार मानायला हवेत.

बाकीच्यांसाठी, जीएमआरटी, म्हणजे खोडदची हीच दुर्बीण, कमी वारंवारितेच्या लहरींसाठी जगातल्या मोजक्या ताकदवान दुर्बिणींपैकी आहे. २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण सिग्नल खोडदने पकडला होता, शेवटच्या क्षणापर्यंत. आणि २०२३ मध्ये अतिशय लांब गुरुत्वीय लहरींचे पुरावे एकाच वेळी जगातल्या अनेक गटांनी जाहीर केले, त्यात युरोपियन गटासोबत भारतीय गट होता तो खोडदचे आकडे घेऊन. अमेरिकन गटाच्या आकड्यांत अरेसिबोचा वाटा फार मोठा होता. ती पडली तेव्हा पल्सारच्या, म्हणजे ठराविक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, निरीक्षणांची वर्षानुवर्षं जुळवलेली मालिका मध्येच तुटली. पैसे देऊन नवीन यंत्र येईल, पण गेलेल्या वर्षांची निरीक्षणं कुठून आणणार?

जुना_कल्याणकर

धागा वाचतोय सकाळपासून. आजच्या मुलांना कदाचित माहीत नसेल, भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचं एक पाऊल आमच्या कल्याणात पडलंय. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीजवळ पॉट्स हिलला सूर्य बघण्यासाठी सहा फुटी ३२ डिशेस होत्या, त्यांचं तिथलं काम संपलं तेव्हा स्वरूपांनी त्या भारताला भेट म्हणून मिळवल्या. इथे आल्यावर दिल्लीत बरीच वर्षं नुसत्या पडून राहिल्या, आणि स्वरूप अमेरिकेत निघून गेले. पुढे होमी भाभांनी बोलावलं, ते १९६३ ला टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ ला त्याच डिशेस कल्याणला उभ्या राहिल्या. माझे थोरले बंधू सांगायचे, लोकांना वाटायचं सरकारने पावसाचं यंत्र बसवलंय.

त्यातूनच तयार झालेल्या पोरांनी उटीची दुर्बीण बांधली, १९७० ला. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढाच, अकराएक अंश, त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच दिशेला फिरवून तारा तासन् तास धरता येतो. अशी जागा नकाशे धुंडाळून शोधली. पैसा कमी होता, पण वर बसलेल्या माणसाचा या पोरांवर विश्वास होता. दुर्बिणवाला, तुमच्या प्रश्नात ही गोष्ट कुठेच आली नाही म्हणून लिहिलं.

मुक्ता_देशी

काका, किती सुंदर लिहिलंत. वेगळा लेख होऊन जाऊ द्या.

बारामतीचा_बाब्या

काका, दिल्लीत पडून राहिल्या, हेच तर मी म्हणतोय! पैसा कुठेतरी सडतो. आज हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र होतंय, २०१६ ला तत्त्वतः मान्यता, २०२३ ला २६०० कोटी मंजूर. मध्ये सात वर्षं कुठे गेली? त्या जमिनीत सात वर्षांत सोयाबीनची किती पिकं निघाली असती?

दुर्बिणवाला

बाब्या, दिरंगाईवर तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत. पण 'सडतो म्हणून देऊच नका' हे कसं? आपला संशोधनावरचा खर्च, सरकारी आणि खासगी धरून, जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, मागणी होती ३ टक्क्यांची. त्यानंतर काही हललं नाही. झेडपीच्या शाळेचा पत्रा दुर्बिणीमुळे गळत नाही हो. दुर्बीण बंद केली म्हणून तो पैसा पत्र्याकडे गेलाय असं एक तरी उदाहरण दाखवा.

बारामतीचा_बाब्या

नाही दाखवता येणार, हे मान्य. पण मग तुम्ही पण पत्र्यासाठी मोर्चा काढा, मी दुर्बिणीच्या मोर्च्याला येतो.

मृद्गंधा

डील! मी दोन्हीकडे येते, फेलोशिप आली असेल तर. नाहीतर चालत.

निशाचर

खर्च कमी करायची साथ आता सगळीकडे आहे. २०२५ मध्ये इथे एनएसएफचं बजेट निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, कापायचा प्रस्ताव आला. त्यात लायगोच्या दोन यंत्रांपैकी एकच चालवा असंही होतं. ज्यांना लायगो माहीत आहे ते यावर हसले असतील, कारण एका यंत्राला आलेला हिसका खरा गुरुत्वीय तरंग आहे की जवळून ट्रक गेला हे ठरवायलाच दुसरं लागतं. दोनपैकी एक ठेवून निम्मी बचत होते, विज्ञान मात्र निम्मं राहत नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्याने फक्त भागाकार केला होता. अरेसिबोतही असाच भागाकार झाला.

गर्डर

हे वाचून मी थोडा हललोय, खरं सांगतो. वर म्हणालो की सगळं पैशावर ढकलू नका, ते अजूनही म्हणेन. पण एक हिशोब डोक्यात आला. ऑगस्टमध्ये निसटलेली केबल १९९० च्या दशकातली जादाची होती, वरचं वजन वाढवलं तेव्हा लावलेली. नोव्हेंबरमध्ये तुटली ती मूळची, १९६३ ची, आणि ती तिच्या ताकदीच्या जेमतेम साठेक टक्के ताणावर तुटली. दोन्ही एकाच मनोऱ्याकडच्या. याचा अर्थ ऑगस्टमध्येच कुणी केबलच्या जुन्या आकड्यांवर विसंबून राहायला नको होतं. नवीन केबल मागवल्या होत्या, पण त्या येईपर्यंत दुसरी गेली. कारखान्यात असं झालं असतं तर आम्ही पहिल्या दिवशी वजन उतरवलं असतं. इथे वजन उतरवायची सोयच नव्हती, आणि ती सोय करायला दहा-पंधरा वर्षं आधी मोठा खर्च करायला हवा होता. म्हणजे दुर्बिणवाला, तुमचा मुद्दा पन्नास टक्के मान्य.

दुर्बिणवाला

पन्नास तर पन्नास, एनएसएफने दिले त्यापेक्षा जास्त आहेत.

निशाचर आणि मुक्ता यांचं वाचून माझंही मत जरा सरकलंय. मी 'पैशाअभावी' म्हणालो होतो, आता म्हणेन अर्धवट पैशांमुळे. पूर्ण बंद केली असती तर निदान ती ग्रहांची रडार कुठेतरी दुसरीकडे उभी करा असं भांडण तरी वेळेत झालं असतं. चालू आहे चालू आहे म्हणत सगळे निवांत राहिले. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. पल्सारभोवतीचे ते पहिले ग्रह ज्या शोधातून मिळाले, तो १९९० चा शोध दुर्बीण दुरुस्तीला असताना चाललेला. हलवता येत नव्हती, म्हणून इतरांची गर्दी नव्हती, म्हणून ते शोधणारे खगोलशास्त्रज्ञ वोल्श्चान यांना भरपूर वेळ मिळाला. दुरुस्तीत असलेली दुर्बीणही कामाची असते बघा, फक्त दुरुस्ती करायला हवी.

खोडदकर

दुर्बिणवाला, तुम्ही पुण्याचेच ना? २८ फेब्रुवारीला या की. मोबाइल बंद ठेवावा लागेल, आधीच सांगतो. येताना नारायणगावात मिसळ खा, दुर्बिणीपेक्षा लांब रांग असते.

दुर्बिणवाला

नक्की येतो दादा. बाब्याला पण आणतो.

बारामतीचा_बाब्या

मिसळीसाठी येतो. दुर्बीण बघितली तर बघितली.

नवीनच_आलो

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण या दुर्बिणी सरळ अब्जाधीशांना का देत नाहीत चालवायला? त्यांच्याकडे कमी आहे का?

मुक्ता_देशी

@नवीनच_आलो, स्वागत आहे, पण वाचा हो वर 🙂 आणि हे झालेलं आहे. २०१५ मध्ये युरी मिलनर यांनी परग्रहावरची बुद्धिमान सृष्टी शोधायला दहा वर्षांसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले, त्यातून ग्रीन बँक आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा वेळ विकत घेतला गेला. त्याआधीचं उदाहरण इंग्लंडचं, जॉड्रेल बँकची ७६ मीटरची दुर्बीण, १९५७ ची. खर्च इतका वाढला की बर्नार्ड लोव्हेल यांच्यावर तुरुंगात जायची पाळी आली होती म्हणे. तेवढ्यात स्पुटनिक उडालं, आणि त्याचं रॉकेट रडारने पकडू शकणारी दुर्बीण यांच्याकडे निघाली, मग सगळे गप्प. उरलेलं कर्ज १९६० मध्ये मोटारवाल्या लॉर्ड नफील्ड यांनी फेडलं. पण शेठ लोकांना कर्ज फेडायला किंवा एलियन शोधायला आवडतं. दरवर्षी सॉकेट तपासायला आणि ग्रीस भरायला पैसे देणारा शेठ मला तरी अजून दिसलेला नाही.

चकली

ग्रीसचा एक डबा माझ्याकडून. ८०जीची पावती मिळेल का?